खाली फेरीतली झोप

कंपनीच्या दारावरच्या पाटीत माझा हुद्दा ‘ट्रान्सपोर्ट सुपरिंटेंडंट’ असा लिहिला होता, पण साऱ्या नोकरीत त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही. थोरल्या शेठजींपासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांसाठी मी मुन्शीजी. सुरुवातीला फार लागायचं. मॅट्रिक झालेला, टायपिंगची परीक्षा दिलेला माणूस मी, आणि मुन्शीजी काय! पुढे लक्षात आलं की सुपरिंटेंडंटला लोक जाब विचारतात आणि मुन्शीजीला चहा विचारतात. मग मी त्या पाटीकडे बघायचंच सोडून दिलं.

हल्ली आमच्या वस्तीतल्या मंडळांना माझ्यात एक नवाच गुण सापडला आहे. बैलबंड्यांची कंपनी मी टेम्पोंची करून दाखवली, गाडीवानांचे ड्रायव्हर करून दाखवले, असं कोणीतरी पसरवलंय. त्यामुळे ‘बदलत्या काळातील नेतृत्व’ या विषयावर बोलायला मला बोलावतात, हार घालतात, आणि मी बोलायला लागलो की संयोजक माझ्यापुढे चिठ्ठी सरकवतात, ‘आवरतं घ्या’. म्हणून यंदा ठरवलं की बोलायचं नाही, लिहायचं. वाचणारा कंटाळला तर पान उलटेल. ते मला दिसणार तर नाही.

ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. नागपूरला चारी दिशांनी रेल्वे येते आणि तिच्यासोबत माल येतो. साखर, किराणा, कापडाच्या गाठी, लोखंड. तो मालधक्क्यावर उतरतो. ज्याचा माल तो व्यापारी मात्र इतवारीत आपल्या गादीवर बसलेला असतो आणि तिथून हलत नाही. तो रेल्वेची पावती, म्हणजे बिल्टी, आमच्याकडे पाठवायचा. आम्ही माल सोडवायचा, बंडीत भरायचा आणि त्याच्या दुकानाच्या दारात उतरवून द्यायचा. उशीर झाला तर रेल्वे दंड लावायची, पोतं फुटलं तर व्यापारी ओरडायचा, आणि दोन्ही वेळा शोधाशोध व्हायची ती मुन्शीजीची.

आमच्याकडे वीसेक बंड्या होत्या. रेल्वेलाइनच्या पलीकडे कंपनीचा कोठा होता, म्हणजे बैलांचा गोठा. त्याला लागूनच गाडीवानांची घरं. माणसं उजाडायच्या आत उठत, बैलांना कुटार-ढेप घालत, बंडी जुंपत आणि मालधक्क्यावर नंबर लावत. भरलेली बंडी घेऊन इतवारीत जाताना गाडीवान कसा ताठ बसलेला असायचा. पोतं सुटलंय का, दोर ढिला झालाय का, मागून कोणी पोरगं गूळ तर काढत नाही ना, सगळीकडे डोळा. दुकानात माल उतरला, की मात्र तो रिकाम्या बंडीत पोतं अंथरायचा, उशाला घोंगडी घ्यायचा आणि झोपायचा. बैल त्याला कोठ्यावर आणून सोडत.

ही आमच्या धंद्याची रीत होती. परतीच्या रिकाम्या फेरीला ‘खाली फेरी’ म्हणत आणि खाली फेरी ही झोपेची वेळ होती. साऱ्या बाजाराला ते ठाऊक होतं. सायकलवाले बाजूने निघून जात, टांगेवाले वाट देत, आणि चौकातला शिपाई गाडीवानाच्या नादी न लागता थेट बैलांनाच हात दाखवायचा. बैल थांबत. मी नवा होतो तेव्हा एका गाडीवानाची ही तक्रार घेऊन थोरल्या शेठजींकडे गेलो होतो. त्यांनी पानदान बंद केलं आणि विचारलं, “गाडी घर आती है ना?” म्हटलं, येते. “फिर?” एवढं बोलून त्यांनी पानदान पुन्हा उघडलं.

गाडीवानांचा म्होरक्या शिवराम. उंच, सावळा, बोलणं कमी. चांद्या आणि लाख्या ही त्याची जोडी साऱ्या कंपनीत पुढे असायची आणि बाकीच्या बंड्या तिच्यामागे चालत. त्याची बायको पंचफुला कोठ्यात कामाला होती. कडबा कापणं, शेण काढणं, गोठा झाडणं. पगार शिवरामचा जास्त, पण कोठ्यात आवाज चालायचा तो पंचफुलाचा. मीसुद्धा तिला जरा दबून असायचो.

सत्तर साल उलटल्यावर थोरले शेठजी थकले आणि मुंबईहून शिकून आलेले छोटे शेठ गादीवर आले. गादीवर आले हे म्हणायला. त्यांनी पहिल्याच महिन्यात गादी काढून तिथे फिरती खुर्ची आणली. दुसऱ्या महिन्यात सांगितलं की बंड्या जाणार आणि तीनचाकी टेम्पो येणार. आणि तिसऱ्या महिन्यात एक सल्लागार आणला. तोही मुंबईचाच. गोरा, टाय लावलेला, मराठी चांगलं बोलणारा, फक्त कोणाशी बोलतोय ते न बघणारा.

सल्लागाराचं पहिलं मागणं असं, की बदल माणसांवर लादायचा नाही, समजावून द्यायचा. मागणं रास्त होतं. म्हणून एका दुपारी कोठ्यातच सभा भरवली. गव्हाणीला फळा टेकवला. गाडीवान उकिडवे बसले, बायका दारात उभ्या राहिल्या, बैल रवंथ करत राहिले. सल्लागाराने फळ्यावर एक वाकडी रेघ काढली. वर चढलेली, मग खाली उतरलेली, मग पुन्हा चढलेली. म्हणाला, बदल आला की माणूस आधी नाकारतो, मग चिडतो, मग खचतो आणि शेवटी स्वीकारतो.

“समजलं का?” त्याने विचारलं.

दौलत नावाचा एक चुणचुणीत गाडीवान होता. तो रेघेकडे मान तिरपी करून बघत होता. “बैलाच्या पाठीवानी काढलं जी तुमी. हे वशिंड, हे कंबर. पन शेपूट वर काहून गेलं?”

सगळे हसले. सल्लागारही हसला आणि त्याने वहीत लिहून घेतलं, ‘सहभाग उत्तम’.

मग शिवरामने विचारलं, “बैलायचं काय करता?”

छोट्या शेठनी सांगितलं की काटोल-उमरेडकडच्या शेतकऱ्यांना विकणार, वावरात कामाला. खाटकाला एकही जाणार नाही, हे मी स्वतः बघेन, असं मी मधेच बोलून टाकलं. आणि ते मी बघितलंही. प्रत्येक जोडी मी घेणाऱ्याच्या दारापर्यंत पोचवली. त्या कामात मला दोन ठिकाणी चांगलं जेवण मिळालं आणि एका ठिकाणी कुत्रं चावलं.

तेवढ्यात दारातून पंचफुला म्हणाली, “आन् शेन?”

सल्लागाराने माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं की कोठ्यातलं शेण बायकांचं असतं. त्या गोवऱ्या थापतात, चूल पेटवतात, उरलेल्या विकतात. बैल गेले की हे सगळं जाणार. सल्लागाराने फळ्याकडे पाहिलं. नकार, राग, निराशा आणि स्वीकार यांत शेणाला कुठे जागा दिसेना. त्याने वहीत ‘किरकोळ’ या मथळ्याखाली ते टाकून दिलं. पंचफुला बाजूच्या बाईला म्हणाली, “पाह्य वं, लिहून घेतलं त्यानं. आता इसरला तरी पाप त्या वहीले.”

बैल गेले त्या दिवसाचं फार लिहीत नाही. शिवराम चांद्या-लाख्याबरोबर दोन कोस चालत गेला आणि परत आल्यावर जेवला नाही. इतर गाडीवान रडले, तो रडला नाही. मला त्याची भीती वाटली.

टेम्पो आले. शिकवायला करीमभाई नावाचे उस्ताद ठेवले. त्यांनी फौजेत ट्रक चालवले होते आणि त्यांचा आवाज अजूनही फौजेतच होता. माझा अंदाज होता की निम्मे गाडीवान गळतील. कोणीच गळलं नाही. जी माणसं मालधक्क्याच्या गर्दीत दोन बैलांची बंडी मागच्या मागे उलटी घालत होती, त्यांना तीन चाकांचं काय कौतुक? सगळ्यांना लायसन मिळालं. छोट्या शेठनी पेढे वाटले. सल्लागाराने आपल्या रेघेच्या शेवटच्या चढावर मोठं टिंब काढलं.

आणि मग ते झोपायला लागले.

सांगून कोणाचा विश्वास बसत नाही, पण घडलं ते असंच. भरलेला टेम्पो घेऊन आमचा माणूस इतवारीच्या गल्ल्यांतून असा सफाईने जायचा की बघत राहावं. माल उतरला, टेम्पो रिकामा झाला, परतीच्या रस्त्याला लागला, की दोन-तीन फर्लांगांत त्याची मान खाली. वीस-वीस वर्षांची सवय. अंगालाच ठाऊक झालं होतं की खाली फेरी म्हणजे झोप. डोक्याला कळत होतं की पुढे बैल नाहीत, पण पापण्यांना कोण सांगणार?

करीमभाई माझ्याकडे आले ते कपाळाला हात लावूनच. “मुन्शीजी, ये लोग भरी गाड़ी ऐसी चलाते हैं कि क्या कहूँ. खाली हुई, कि गए. मैंने फौज में भी ऐसा नहीं देखा.”

सुदैवाने रिकामा टेम्पो फार जोरात धावत नसे. माणूस झोपला की पाय ढिला पडायचा, टेम्पो गुरगुरत कडेला जायचा आणि कुठेतरी टेकायचा. एक रसवंतीच्या बाकाला टेकला, एक सीताबर्डीत दोन म्हशींना. म्हशी हलल्याही नाहीत. पण दौलतचा टेम्पो टेकला तो धंतोलीत, एका दवाखान्याच्या मेंदीच्या कुंपणाला.

धंतोलीत दवाखाने किती आहेत ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. तिथल्या वॉर्डबॉयना एकच गोष्ट शिकवलेली असते. दारात जो आडवा दिसेल तो पेशंट. त्यांनी दौलतला उचललं, स्ट्रेचरवर घातलं, आत नेलं. नाडी बघितली. ठीक. डोळे उघडून बघितले. ठीक. तरी माणूस उठेना, म्हणून सलाइन लावलं. शेजारच्या खाटेवर यवतमाळकडची एक म्हातारी होती. तिच्या नातेवाइकांना वाटलं याचं कोणीच नाही, म्हणून ते दौलतचेही पाय चेपत बसले.

मला निरोप मिळून मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, “यांना विश्रांतीची फार गरज होती.” एवढ्यात दौलतने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“मुन्शीजी, बैल पोचले का जी कोठ्यावर?”

मी हसलो. मग बाहेर येऊन कुंपण बघितलं आणि हसू गेलं. त्या मेंदीच्या पलीकडेच पेशंटांची माणसं चूल मांडून स्वयंपाक करत होती. दोन हात पुढे गेला असता तर?

छोट्या शेठनी बैठक बोलावली. सल्लागाराचं निदान असं, की ही झोप म्हणजे बदलाला केलेला छुपा विरोध आहे. उपाय म्हणून त्याने प्रत्येक टेम्पोत ‘जागृत चालक, उन्नत मालक’ अशी पाटी लावायला सांगितली. ती पाटी बरोबर ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे येत होती, त्यामुळे रस्ता थोडा कमी दिसू लागला. मग एक प्रश्नावली निघाली. मी प्रत्येकाला बसवून विचारायचं आणि उत्तरं भरायची. शिवरामची पाळी आली.

“नव्या कामाची तुला भीती वाटते का?” मी वाचलं.

“भेव नाई वाटत जी,” शिवराम म्हणाला, “झोप येते.”

मी तसंच लिहिलं. सल्लागाराने ते खोडून ‘भावना व्यक्त करण्यास असमर्थ’ असं केलं.

छोटे शेठ मनाने वाईट नव्हते, पण त्यांनी कर्ज काढून टेम्पो घेतले होते आणि विमावाला रोज दारात येऊन उभा राहत होता. त्यांनी मला फिरत्या खुर्चीसमोर उभं करून सांगितलं, “मुन्शीजी, अब एक भी आदमी सोया, तो सबकी छुट्टी. सबकी. नए लड़के बहुत हैं लायसन वाले.” कोठ्याभोवतीची ती सारी घरं कंपनीची होती. छुट्टी म्हणजे नोकरीही गेली आणि छप्परही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग तुम्ही तरी कशाला जागे राहता? जेवा आणि झोपा.” मी जेवलो, पण झोप काही आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेकाशेजारी बसून फेऱ्या करू लागलो. मी शेजारी असलो की कोणी झोपत नसे, त्यामुळे मला काहीच शिकायला मिळालं नाही. शेवटी शिवरामलाच विचारलं, “काय गा, भरल्या गाडीत झोप काहून येत नाही?”

त्याला माझा प्रश्नच खुळचट वाटला. “माल लोकायचा असते ना मुन्शीजी. थो अंगावर असते. खाली गाडीत काय हाय? कोनाचंच काई नाई.”

मला वाटलं, सापडलं. हुकूम काढला की यापुढे एकही टेम्पो रिकामा परतणार नाही. प्रत्येकात परतीला रेतीची पोती टाकली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी एक टेम्पो पुन्हा रस्त्याकडेला गुरगुरत उभा, आत माणूस घोरतोय. शेठच्या कानावर जायच्या आत त्याला उठवून विचारलं, तर तो मलाच विचारतो, “पन रेती कोनाची हाय जी?” म्हटलं, कंपनीची. “पोचवाची कोनाले?” म्हटलं, कोणाला नाही. खोटा माल त्यांच्या अंगावर येत नव्हता.

मग मी खरा माल शोधायला निघालो. पहिला मिळाला तो त्याच धंतोलीच्या दवाखान्यात. कुंपणाची माफी मागायला गेलो होतो, तर मागच्या अंगणात ऑक्सिजनच्या रिकाम्या टाक्या पडलेल्या दिसल्या. त्या रेल्वेने परत पाठवायच्या होत्या आणि हातगाडीवाले नेत नव्हते. मी म्हटलं, आम्ही नेऊ, रोज नेऊ. डॉक्टरांनी विचारलं, “तोच ड्रायव्हर येणार का?” म्हटलं, तोच. ते म्हणाले, “या. नाहीतरी त्याचा केसपेपर आहेच आमच्याकडे.”

टाक्या रिकाम्या होत्या, पण दुसऱ्याच्या होत्या. दौलत मालधक्क्यापर्यंत डोळे ताणून आला आणि प्रत्येक टाकी हात लावून मोजून दिली. मग संत्र्याच्या पेट्या मिळाल्या, मग विड्यांच्या, मग भांड्यांच्या. महिन्या-दोन महिन्यांत खाली फेरी नावाची गोष्टच उरली नाही. झोप गेली आणि कंपनीचं उत्पन्न वाढलं. खरं सांगतो, त्या वाढीसाठी मी काहीच केलं नव्हतं, मी फक्त माणसं जागी ठेवत होतो. सल्लागाराने अहवालात लिहिलं, ‘परतीच्या क्षमतेचे नियोजनबद्ध उपयोजन’. छोट्या शेठनी तो अहवाल कातडी बांधणीत करून घेतला.

एक शिवराम तेवढा उरला.

त्याला मालही जागा ठेवीना. भरलेल्या फेरीत ठीक, पण परतीला संत्री असोत की काच, त्याची मान पडायची. वयाने तो सगळ्यांत मोठा होता, आणि इतकी वर्षं म्होरक्या असल्यामुळे उठायचाही तोच सगळ्यांत आधी. छोट्या शेठना कळू न देता मी चौकशी केली, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले प्रकृती उत्तम आहे, झोप चांगली लागते.

तोड काढली ती पंचफुलाने. एके दिवशी इतवारीत बघतो तर शिवरामच्या टेम्पोत शेजारी ही बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर डबा.

“काय हो पंचफुलाबाई?”

“कोठ्यात काम नाई, घरी गोवऱ्या नाई. मले बसाले जागा झाली अन् याले बोलाले मानूस.” मग नवऱ्याकडे वळून, “काहून जी, डोये मिटून राहिले ना? उघडा!”

ती सगळ्या वाटेने बोलायची. सासूचं, नणंदेचं, महागाईचं, शेण ‘किरकोळ’ लिहिणाऱ्या त्या वहीचं. शिवराम ऐकायचा आणि जागा राहायचा. त्या पावसाळ्यात शिवरामचा टेम्पो सगळ्यांत वेळेवर पोचत होता. व्यापारी तिच्यासाठी चहा सांगू लागले. मी डोळेझाक केली आणि ती आनंदाने केली. माझ्या नेतृत्वातलं तेवढं एकच काम मला पक्कं आठवतं.

मग विमावाल्याने तिला बघितलं. मालाच्या गाडीत अनधिकृत व्यक्ती! सल्लागार म्हणाला, एक अपवाद केला की सगळा बदल ढिला पडतो. मी म्हटलं, तिला क्लीनर म्हणून नेमा. छोटे शेठ म्हणाले, “औरत? क्लीनर? लोग हँसेंगे, मुन्शीजी.” लोक हसतील म्हणून ती उतरली.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. भर दुपारी शिवराम माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. टेम्पोचा आवाज आला नव्हता, तो चालत आला होता. त्याने किल्ली माझ्यापुढे ठेवली.

“काय झालं?”

“धरमपेठीत एक बाई सायकलवर होती. पुढे पोरगी बसवेल. माहा डोया लागला. जागा झालो तवा चाकाले चाक लागलं होतं.” त्याने किल्ली माझ्याकडे आणखी सरकवली. “पडली नाई कोनी. बाई दोन शिव्या देऊन गेली. कोनी पायलं नाई, मुन्शीजी. पन मी पायलं.”

मी म्हटलं, बस, पाणी पी, कोणाला सांगू नको, उद्या बघू. तो बसला नाही.

“बैल होते तवा मी झोपलो तरी दोघं जागे राहत. आता मी झोपलो का गाडीत जागं कोनीच नाई. उद्या कोनी मेलं तं ह्या सगळ्या पोरायची घरं जातीन. तुमी मले काढा. आजच्या आज काढा.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मग उठलो आणि तावातावाने छोट्या शेठकडे गेलो. शिवरामला मालधक्क्यावर माल मोजायला ठेवा, कोठ्याची रखवाली द्या, काहीही द्या. ते म्हणाले, मोजायला आहे माणूस, आणि कोठा आता गोडाऊन झाला, त्याला कुलूप आहे. मी म्हटलं, मग माझाही राजीनामा घ्या. ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आप कैसे जाएँगे? आप तो हमारी सक्सेस हैं.” मला मुलीचं लग्न करायचं होतं. मी राहिलो.

कागदावर ‘स्वेच्छेने निवृत्ती’ असं आलं, आणि सल्लागाराच्या शेवटच्या अहवालात एक वाक्य आलं, ‘कार्यरत चालकांपैकी शंभर टक्के चालकांनी बदल स्वीकारला आहे.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. ज्याने स्वीकारला नाही तो कार्यरत नव्हता.

या यशाचा समारंभ रामदासपेठेतल्या एका मोठ्या हॉटेलात झाला. व्यापारी आले, बँकेचे साहेब आले, विमावालाही आला. गुबगुबीत खुर्च्यांवर पाहुणे बसले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमचे ड्रायव्हर मागे भिंतीशी उभे राहिले. शिवरामला मात्र सत्कारमूर्ती म्हणून पुढे बसवलं होतं, एका बाजूला नऊवारीतली पंचफुला आणि दुसऱ्या बाजूला मी. निवृत्तांना भेट द्यायची कंपनीची जुनी पद्धत होती आणि ती भेट ऑफिसातला पोऱ्या एकाच दुकानातून वर्षानुवर्षं आणत होता. शाल झाली, नारळ झाला, आणि मग छोट्या शेठनी हसत हसत शिवरामच्या हातात खोकं दिलं. त्यात गजराचं घड्याळ होतं.

टाळ्या वाजल्या. कोणाच्या काही लक्षात आलं असेल असं वाटत नाही. मी मान खाली घातली.

मग सल्लागार बोलायला उभा राहिला. फळा इथेही आणला होता आणि रेघही तीच होती. जेवण आधीच झालं होतं, वर पंखे मंद फिरत होते. तो निराशेच्या उतारावर पोचेपर्यंत पहिल्या रांगेतले व्यापारी कलंडले. बँकेच्या साहेबांची हनुवटी टायला टेकली. विमावाला तोंड उघडून घोरत होता. फिरती खुर्ची इथे नव्हती, तरी छोटे शेठ हळूहळू एका बाजूला फिरत गेले. शिवरामला करायला काही नव्हतं, म्हणून तो मांडीवरचं घड्याळ उलटसुलट करून बघत होता, मागची चावी पिळत होता.

ते एकदम वाजलं.

असं वाजलं की सगळी सभा दचकून जागी झाली. भाषण संपलं असं वाटून सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्या इतक्या जोरात वाजल्या की सल्लागारालाही ते पटलं. तो वाकला, हात जोडले आणि खाली बसला. छोटे शेठ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शिवरामने घड्याळ छातीशी धरून कसंबसं बंद केलं. मग त्याने पहिल्या रांगेवरून, दुसऱ्या रांगेवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे झुकून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं,

“मुन्शीजी, हे तं सगळेच झोपले होते. तरी कंपनी चालून राहिली. ह्यायचे बैल कोन होय जी?”

मी मागे वळून पाहिलं. भिंतीशी आमचे ड्रायव्हर तसेच उभे होते. सकाळी मालधक्क्यावर नंबर लावायचा होता, तरी त्यांच्यातला एकही झोपला नव्हता. दौलतने मला हात केला. मी माझी खुर्ची उचलली आणि मागे जाऊन त्यांच्या रांगेला लावली.